चौथ्या श्रेणीची धून

आमच्या संस्थेच्या सचिवांनी उभं आयुष्य सरकारी कचेरीत काढलं. श्रेणी एक म्हणजे साहेब आणि श्रेणी चार म्हणजे शिपाई, याखेरीज आकड्यांना दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्यांच्या गावीही नाही. या एका समजुतीपायी त्यांनी दोन शाळांच्या बँडचा जो विचका केला, तो आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी संगीतशिक्षिका. संस्थेच्या दोन शाळा, पेणची इंग्रजी माध्यमाची आणि रोह्याची मराठी. तीन दिवस पेणला 'मिस', तीन दिवस रोह्याला 'बाई', आणि मधल्या वेळात एसटीत नागोठण्याचे खड्डे. माझे वडील पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे पाच रेघांवरची इंग्रजी स्वरलिपी मी बाराखडीच्या जोडीनेच शिकले. पेणच्या शाळेतला बँड जुना, मुलं पाचवीपासून वाजवणारी, कागद समोर ठेवला की धडाधड वाचणारी. त्यांना नवी वाद्यं आली तेव्हा जुनी रोह्याला पाठवली गेली. पोचे पडलेले ट्रंपेट, एक कळ कायम अडकणारा सॅक्सोफोन आणि ज्याची पेटी कोणीतरी पेणलाच ठेवून घेतली असा ट्रॉम्बोन. त्यावर रोह्याची मुलं शिकायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते.

अशात एका विश्वस्तांच्या मनात आलं की वर्धापनदिनाला दोन्ही शाळांनी जॅझ वाजवावं. त्यांचा नातू परदेशातल्या शाळेत म्हणे तेच वाजवतो. वाजवू दे बापडा. पण मला कल्पना आवडली, खोटं कशाला बोलू. शाळेच्या बँडसाठी मुद्दाम बसवलेल्या धुनांचे छापील संच मिळतात, त्यांतले दोन मागवले. अशा प्रत्येक संचाच्या मुखपृष्ठावर एक आकडा असतो. एक म्हणजे नवशिक्यांसाठी: पाच-सहा सूर, सरळ ठोके, सगळे ट्रंपेट एकच ओळ वाजवणार. चार म्हणजे मुरलेल्या मुलांसाठी: चार ट्रंपेट चार वाटांनी जाणार, सूर वर चढणार, ठोका ऐन वेळी हुलकावणी देणार. मी रोह्यासाठी एक निवडला, पेणसाठी चार. तशी चिठ्ठी कार्यालयात दिली.

दुसऱ्या दिवशी सचिवांचं बोलावणं आलं. दोन्ही संच त्यांच्या टेबलावर होते आणि माझी चिठ्ठी त्यांच्या हातात.

"मॅडम, घाईत उलटं लिहिलंत वाटतं," ते म्हणाले. "मी दुरुस्त केलंय. पेणला श्रेणी एक, रोह्याला श्रेणी चार."

मी समजावलं. सर, इथे एक सोपा असतो आणि चार अवघड. इयत्तेसारखं समजा, पहिली सोपी, चौथी अवघड.

"इयत्ता वेगळी, श्रेणी वेगळी. तीस वर्षं मी हेच केलंय, मला नका शिकवू," ते हसून म्हणाले. "पेण आपली मुख्य शाखा. तिला चौथ्या श्रेणीचं संगीत दिलं तर लोक शेण घालतील तोंडात. आणि रोह्याच्या मुलांचं काय, त्यांना झेपेल असंच द्या ना!"

झेपेल असंच मी दिलं होतं. तेच तर ते काढून घेत होते. त्यांना झेपण्याचीच काळजी होती आणि मलाही, तरी आम्ही समोरासमोर बसून एकमेकांच्या उलट बोलत होतो. बाजूला पेणच्या मुख्याध्यापिका मूग गिळून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मला कळतंय हो तुमचं. पण पालकांना कोण समजावणार?"

मी हट्टाने चार आकड्याचा संच पेणच्या वर्गात नेलाच. मुलं पहिल्याच ओळीला खुलली. एका तासात त्यांनी अर्धं पान वाचून काढलं. पण एका मुलीने तो कागद घरी नेला, आईने वरचा आकडा पाहिला, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला: 'आपल्या मुलांना फोर्थ ग्रेड का?' संध्याकाळपर्यंत पन्नासेक रागावलेली तोंडं. एकानेही मला फोन करून विचारलं नाही की बाई, याचा अर्थ काय. दुसऱ्या दिवशी माझ्या हाती लेखी आदेश पडला, आणि पेणच्या मुलांच्या हाती पाच सुरांची धून. ती त्यांनी दहा मिनिटांत वाजवून दाखवली आणि विचारलं, "मिस, आता पुढे?" पुढे काही नव्हतं, चारचा संच रोह्याला गेला होता.

मग कार्यक्रमपत्रिका छापून आल्या. त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: 'पेण शाखा, जॅझ वादन, श्रेणी १. रोहा शाखा, जॅझ वादन, श्रेणी ४.' त्या दोन्ही शाळांच्या मुलांच्या घरोघर गेल्या.

रोह्याच्या बँडमध्ये शेजारच्या वरसे गावची एक मुलगी होती, नववीतली. ट्रंपेट तीच पुढे होऊन वाजवायची. वडील कंपनीत शिफ्टला, आई घरी शिवणकाम करणारी. पोच्यांच्या त्या ट्रंपेटमधून ती असा भरीव सूर काढायची की पेणच्या नव्या वाद्यांनी तोंड लपवावं. तिने वर्गात पत्रिका माझ्यापुढे धरली.

"बाई, श्रेणी चार म्हंजे शिपाय ना? माजे काका हायेत ना चौथ्या श्रेणीत."

वर्ग हसला. ती हसली नाही.

"तो आकडा धुनेचा आहे, तुमचा नाही," मी म्हटलं.

"पन मंग पेनला एक का?"

ही धून पेणच्या धुनेपेक्षा कितीतरी अवघड आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर पोरं घाबरतील, असं मला वाटलं. आठ महिन्यांचे वादक, स्टेजवर फसले तर साऱ्या तालुक्यासमोर ती चौथी श्रेणी खरी ठरणार, आणि ती त्यांच्या मनात कायमची बसणार. ते मला कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायचं नव्हतं. तेव्हा मी काहीतरी पुटपुटून विषय बदलला.

त्या आठवड्यात घरी बसून मी ती धून नव्याने बसवली. चार ट्रंपेटच्या चार वाटांच्या दोन केल्या. वरचे सूर खाली आणले. ट्रॉम्बोनला तीनच सूर ठेवले, कारण त्याची सरकती नळी पुढे ढकलताना वाजवणाऱ्याचा हात चौथ्यापर्यंत पोचत नव्हता. सॅक्सोफोनची अडकणारी कळ जिथे लागते तो सूर सगळीकडून काढून टाकला. नाव तेच ठेवलं, चालही तीच ठेवली, आणि माझ्या अक्षरातली पानं मुलांना वाटून टाकली. छापील पानं कपाटात गेली. मी हे केलंय, असं कोणालाच सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र सोपी करता येईना, तो जॅझचा झोका. कागदावर सूर सारखे दिसतात, वाजवताना मात्र एक लांब आणि एक आखूड करायचा असतो. कागद वाचून वाजवणाऱ्या हुशार मुलांना तो महिना महिना जमत नाही, कागदावर दिसत नाही ना! रोह्याच्या मुलांनाही मी तोंडाने म्हणून दाखवत होते, हात आपटत होते, घसा बसला. शेवटी ट्रंपेटवाली उठली आणि म्हणाली, "बाई, ह्ये बाल्या नाचासारखं हाय काय?" आणि तिने पाय टाकून दाखवला, एक लांब, एक आखूड. सगळा वर्ग उठला. गणपतीत ज्यांचे बाप-भाऊ रात्रभर बाल्या नाचतात त्या पोरांच्या पायांना हे आधीच ठाऊक होतं. पायाकडून ते तोंडात यायला दोन दिवस लागले.

वर्धापनदिनाला पेणची मुलं कडक गणवेशात आली, कंटाळलेल्या चेहऱ्यांनी पाच सूर बिनचूक वाजवून गेली आणि टाळ्या घेऊन गेली. मग रोहा. सुरुवातीला ट्रॉम्बोन घसरला, पण झोका लागला तशी मागच्या रांगेतली माणसं मान हलवायला लागली. शेवटी त्या मुलीने लांब सूर धरला, आणि माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली.

मग सचिव माइकवर आले. "रोह्याच्या मुलांनी कमाल केली!" ते म्हणाले. "याला म्हणतात योग्य निवड. ज्याला त्याला आपापल्या श्रेणीचं दिलं, की सगळं जमतं. यापुढेही संस्था हेच धोरण ठेवेल."

टाळ्या पडल्या. माझ्या रात्रंदिवसाच्या कामाने या माणसाची चूक धोरण होऊन बसली होती. आणि रोह्याची वीस मुलं काखेत वाद्यं धरून उभी होती, गालांत हसत, आपापल्या श्रेणीची.

सोमवारी रोह्याच्या वर्गात मी कपाट उघडलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी छापील संच काढून टेबलावर आपटला आणि सगळं सांगितलं: चार म्हणजे सगळ्यात अवघड, एक म्हणजे बालवाडी, सचिवांना ओ का ठो कळत नाही, पेणची मुलं बालवाडीचं वाजवून गेली. मुलं खुश होऊन ओरडली, बाकं वाजवली. मला वाटलं, झालं, मनातली चौथी श्रेणी पुसली गेली.

ट्रंपेटवाली मुलगी टेबलाशी आली होती. तिने छापील पानांतून पहिल्या ट्रंपेटचं पान काढलं आणि शेजारी माझ्या अक्षरातलं तिचं पान ठेवलं. बोट ठेवून ती ओळीमागून ओळ पाहत गेली. मधे एका जागी थांबली. तिथे सूर नव्हतेच, नुसत्या तिरक्या रेघा होत्या.

"ह्या रेघा कसल्या, बाई?"

"तिथे सूर छापत नाहीत. पहिल्या ट्रंपेटने उभं राहायचं आणि आपल्या मनाने वाजवायचं असतं."

"किती वेळ?"

"चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं. बाकीचे मागे हळू वाजवत राहतात."

तिने माझं पान पुन्हा पाहिलं. तिथून मी ती सगळी जागा काढून टाकली होती. मनाने वाजवणं हिला कुठलं जमायला, असं समजून, घरी बसून, पहिल्याच दिवशी.

"हितं मी उभी ऱ्हायली असती," ती म्हणाली.

मी सांगायला लागले, की वेळ कमी होता, की तुम्ही फसला असतात तर, की मला तुमचीच काळजी होती. ती ऐकत होती, मान हलवत होती. शहाणी मुलगी, तिला माझं म्हणणं पटलंही असेल.

"म्हंजे तुमालाबी वाटलं, आमाला नाय झेपायचं," ती म्हणाली.

दोन महिने मी त्या सचिवांच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांनी चुकून का होईना, अवघड पान या मुलीच्या हाती दिलं होतं. ते काढून घेणारी मी होते.