तोंडात कोंबलेलं दही

आज लेक परीक्षेला निघाली, तिच्या तळहातावर दही दिलं आणि त्या आंबूस वासाने मला थेट भिवंडीच्या आमच्या पुढच्या खोलीत नेऊन बसवलं. नैरोबीला दीर-जाऊ अपघातात गेले होते, आणि त्यांच्या लहानगीला, म्हणजे आजच्या या लेकीला, दत्तक घ्यायला आम्ही दोघं निघालो होतो. तिथल्या कोर्टाची तारीख चुकली तर पोर अनाथाश्रमात जाणार होती. इकडे खारबावला चुलत सासरे अखेरच्या घटका मोजत होते, आणि ते गेल्याचं कानावर पडलं की सुतक लागणार. सुतकात मूल ओटीत घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून सासूबाईंनी सकाळीच सगळ्यांचे मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात टाकलेले. बॅगा दारात होत्या, गाडीचा पत्ता नव्हता, शेजारी कापडाचे लूम खडखडत होते, आणि तेवढ्यात खारबावहून त्यांचाच मुलगा, माझे चुलत दीर, घामाघूम होऊन आले. "काकी, मना सांगाचा हाय..." सासूबाईंनी आमच्यासाठी काढलेलं दही त्यांच्याच तोंडात कोंबलं. "गिळ आधी! ही दोघं गाडीत बसली की मग बोल." मग आम्ही सगळे नुसते बसून राहिलो. दीर फरशीकडे बघत होते, आणि हे दिरांकडे. ज्या काकांनी यांना खाडीत पोहायला शिकवलं, ते आहेत की गेले, एवढंसुद्धा विचारायची सोय नव्हती. अखेर हॉर्न वाजला. यांनी दिरांचा खांदा घट्ट दाबला आणि गाडीत बसले. वाटेत पूर्णा गावच्या गोदामांपाशी काच वर करून हे हमसून हमसून रडले, पण कोणासाठी ते बोलले नाहीत, आणि मीही आजवर विचारलेलं नाही.