व्हीलचेअरमधले साडू

पायांत कोणताही दोष नसताना व्हीलचेअरमध्ये बसून अख्खे शहर पालथे घालणारा माणूस वऱ्हाडात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. अतिशयोक्ती माझ्या स्वभावात नाही. जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी संपवलेल्या माणसाला ती शोभतही नाही. तरीही हे विधान मी मागे घेणार नाही. साडू म्हणजे दोन बहिणींमुळे एकाच पंगतीत बसावे लागलेले दोन परके पुरुष. माझी पत्नी थोरली, त्यांची धाकटी. पत्नी गेल्यानंतर हे नाते रीतीप्रमाणे सैल व्हायला हवे होते. मी अमरावतीला, ते अकोल्याला. मी मोजके बोलणारा, ते विचारले नसतानाही उत्तर देणारे. पण त्यांनी ते सैल होऊ दिले नाही. माझ्या संमतीची त्यांना गरज वाटली नाही.

ते मूळचे नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घराण्यातले. अकोल्यात जठारपेठेत त्यांनी बी-बियाण्यांचे दुकान चालवले, पुढे ते मुलाच्या स्वाधीन केले आणि स्वतःला शहरातल्या एका सेवा क्लबच्या स्वाधीन केले. अशा क्लबांविषयी माझे मत फारसे अनुकूल नव्हते. अकोल्याच्या मे महिन्यात गळ्याला टाय बांधणाऱ्या माणसांच्या विवेकावर विश्वास ठेवणे कठीण जाते. एकदा साडूंच्या आग्रहावरून मी त्यांच्या सभेला गेलो होतो. टेबलावर पितळी घंटा होती, अध्यक्षांच्या गळ्यात पदकांचा पट्टा होता, आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांचे आभार मानण्यासाठी दुसरे एक गृहस्थ नेमलेले होते. साडू या सर्व काळात शांतपणे झोपले होते. घंटा वाजली तेव्हा ते उठले आणि मला म्हणाले, "चला, आता काम करू." हे काम मागच्या खोलीत होते. तिथे व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, डोक्याकडून उचलता येणाऱ्या लोखंडी खाटा आणि पाण्याच्या गाद्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. ज्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल त्याने यावे, वस्तू न्यावी, गरज संपली की परत आणावी. भाडे नाही, ओळख लागत नाही, जात कोणी विचारत नाही. मी ती खोली पाहिली आणि टायविषयीचे माझे मत निम्मे सौम्य केले. उरलेले निम्मे अजून कायम आहे.

या खोलीचे साडू स्वयंघोषित अधिकारी होते आणि त्यांचा पहिला कायदा असा की स्वतः वापरून पाहिल्याशिवाय कोणतीही वस्तू कोणाला द्यायची नाही. नवी व्हीलचेअर आली की ते सकाळी तिच्यात बसत आणि हाताने चाके फिरवत थेट भाजीबाजारात जात. वांगी घेत, भाव करत, पिशवी मांडीवर ठेवून परत येत. वाटेत चढ आला की थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला ढकलायला सांगत आणि त्याने कसे ढकलले यावर टीकाही करत. वॉकर घेऊन ते लग्नाला गेले आहेत. पाण्याच्या गादीवर त्यांनी एक उन्हाळा काढला आणि दुपारी घरातल्या कोणालाही तिच्यावर बसू दिले नाही, कारण म्हणे तपासणी चालू आहे. कमोडच्या खुर्चीची तपासणी त्यांनी कशी केली हे मला ठाऊक आहे. मी ते लिहिणार नाही. शेंदूरजनाघाटचा त्यांचा एक मावसभाऊ एकदा काही कामानिमित्त अकोल्याला आला असता त्याला चौकात साडू खुर्चीत बसलेले दिसले. त्या बिचाऱ्याने बोलण्याचे धाडस केले नाही. तो तसाच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी बायको, आई आणि संत्र्यांची पेटी घेऊन रडत दारात उभा राहिला. साडूंनी उठून, स्वतः चालत जाऊन, पेटी आत घेतली. मावसभावाने रागाने संत्री परत मागितली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे ना बाप्पा. बिमार पडलो की कळवतो."

दुसरा कायदा असा की घरात नुसती पडून राहिलेली वस्तू क्लबकडे परत आलीच पाहिजे. ती त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात हवी असते. लोक बरे होतात, पण वस्तू परत करायचे विसरतात. साडू अवेळी चहाला जाऊन बसत आणि बोलता बोलता घरभर नजर फिरवत. एका घरी वॉकरवर ओले धोतर वाळत असलेले त्यांना दिसले. त्यांनी चहा संपवला, वॉकर उचलला आणि धोतरासकट घेऊन गेले. धोतराचा मालक मागून दुकानापर्यंत आला, तेव्हा त्याला एवढे चालता येते हे सिद्ध झाले असे त्यांनी जाहीर केले.

मात्र त्यांची सर्वांत मोठी विक्षिप्तता फोटोंच्या बाबतीत होती. कोणी देणगीदार खुर्ची देतो, तेव्हा समारंभ होतो; समारंभात गरजू रुग्णाला खुर्चीत बसवतात, मागे सगळे पदाधिकारी ओळीने उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र वर्तमानपत्रात येते. साडू रुग्णाला आणूच देत नसत. रुग्णाच्या जागी ते स्वतः बसत. चेहरा शक्य तेवढा दीन करत. वार्ताहर नवा असला की त्यांचे वर्णन 'गरजू रुग्ण' असे छापून येई. अशी पाच-सहा चित्रे आल्यावर एका वाचकाने क्लबकडे तक्रार केली की आपण एकाच माणसाला किती खुर्च्या देता. मी त्यांना म्हणालो की हे असत्यकथन आहे. साडूंनी मला सरळ उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "ज्याचा पाय गेला त्याचा पाय गेला, साडूभाऊ. त्याचा फोटो कायले पाहिजे? माह्या थोबाडाले काय होते?"

दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे आठवड्याभरात परत आले, पाय आला नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा क्लबच्या मंडळींनी चांगली खुर्ची आणून ठेवली. डॉक्टरांचे सांगणे स्पष्ट होते: रोज बाहेर काढा, माणसांत न्या, नाहीतर हा माणूस खाटेचाच होऊन जाईल. साडू खाटेचेच होऊन गेले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळी झाली. ज्याने खुर्चीतून अख्खे अकोले पाहिले, तो खुर्चीतून ओसरीपर्यंतही येईना. मुलाने विनवले, नातीने हट्ट केला. क्लबचे अध्यक्ष आले तर हे डोळे मिटून पडून राहत. शेवटी माझ्या मेहुणीने मला बोलावले. सांत्वन करणे मला येत नाही हे तिला माहीत होते. ती म्हणाली, "भाऊजी, गोड बोलनारे सगळे येऊन गेले. आता तुमी या."

मी गेलो. खोलीत खाट होती, खाटेवर ते होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर घडी केलेल्या चादरींचा ढीग होता. आम्ही सकाळभर बसलो. त्यांनी अमरावतीच्या उन्हाची चौकशी केली, मी उत्तर दिले. स्वयंपाकघरात मेहुणीने मला सांगितले की अध्यक्षांचा फोन येऊन गेला. एका शिक्षिकेच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आहे, तिला खुर्ची हवी आहे आणि क्लबच्या सगळ्या खुर्च्या बाहेर आहेत. ही एक रिकामी आहे हे त्यांना ठाऊक होते, पण मागायला त्यांची जीभ रेटेना. मी परत खोलीत गेलो आणि जे होते ते सांगितले. वापरत नसाल तर खुर्ची परत करा, म्हणालो. नियम तुमचा आहे.

ते छताकडे पाहत म्हणाले, "साडूभाऊ, तुमी माणूस आहा का निकालपत्र?"

मी म्हणालो की ते काहीही समजोत, पण मला एक गोष्ट कळत नाही. धडधाकट असताना ज्याला या खुर्चीची लाज वाटली नाही, त्याला आता कशाची वाटते?

"तवा मले उठता येत होतं जी," ते म्हणाले. "कोनी लयच कीव करून पाह्यलं का मी उठून उभा राहो. आता पाह्यलं तं काय करू?"

मी खुर्चीवरच्या चादरी उचलल्या आणि कपाटात ठेवल्या. तेवढ्यात त्यांनीच विचारले की त्या शिक्षिकेच्या आईला खुर्ची कधी हवी आहे. आज, मी म्हणालो. ते विचारात पडले. मागच्या गल्लीत एका घरी क्लबची खुर्ची वर्षभरापासून आहे, तिथली आजी केव्हाच चालू लागली, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, पत्ता द्या, मी जाऊन आणतो.

"तुमाले कोनी देनार नाई. तुमी पयले पावती मागसान." त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर टेकला. "आन् फोन केला तं म्हनतीन वापरात आहे. जाऊनच पाहा लागते."

मुलाने आणि मी त्यांना खुर्चीत बसवले. मेहुणी दारामागे उभी राहून पदराशी काहीतरी करत होती. तिकडे मी पाहिले नाही. दुकानात परतायची वेळ झालेली असल्याने मुलगा गेला आणि खुर्ची ढकलण्याचे काम माझ्याकडे आले. ते काम दिसते तेवढे सोपे नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी येताच साडूंचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. मला वाटले, आता ती विचारणार. तिने वांगी सारखी करत मान वर केली.

"काका, नवी खुर्ची आली काय?"

साडू म्हणाले, "जुनीच हाय. पाहून राहिलो चालते का."

"मंग, चालते का?"

"खुर्ची चालते. ढकलनारा कच्चा आहे."

भाजीवाली हसली, शेजारचा चहावाला हसला, चहा पिणारे हसले. भररस्त्यात मला कोणी हसण्याचा तो पहिलाच प्रसंग. मी आक्षेप नोंदवला नाही. चहावाल्याने विचारले की काका, ह्या खुर्चीची तपासणी किती दिवस चालणार. साडू म्हणाले, ही जरा लांबन. जठारपेठेत बातमी एका चहाच्या अवकाशात घरोघरी पोहोचते. साडूंना झटका आला हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते दवाखान्यात होते तेव्हा याच भाजीवालीने मेहुणीला भाजी घरपोच दिली होती. तरी त्या रस्त्याने आम्ही गेलो तेवढ्यात एकानेही तब्येत विचारली नाही.

मागच्या गल्लीतल्या त्या घरी अंगणात खुर्ची होती. तिच्यावर परात होती आणि परातीत कुरडया वाळत होत्या. घरच्या सुनेने, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवता येते, एवढे सांगितले आणि मग साडूंना पाहून ती ओशाळली. साडूंनी तिची युक्ती उत्तम असल्याचे मान्य केले आणि परात बाजेवर ठेवायला लावली. त्यांच्या अंगात मी कितीतरी महिन्यांनी तो जुना हुकमीपणा पाहत होतो. दोन खुर्च्या एकट्या माझ्याने नेणे शक्य नव्हते. तेव्हा ज्या आजीसाठी ती खुर्ची आली होती, तीच उठली आणि रिकामी खुर्ची ढकलू लागली. म्हणाली, हाताले टेकाले बरी आहे. परतीच्या वाटेवर पुढे आजी रिकामी खुर्ची घेऊन आणि मागे मी भरलेली खुर्ची घेऊन, असे आम्ही चाललो. आजी माझ्यापेक्षा वेगाने चालत होती. साडूंनी हे मला तीनदा सांगितले. खुर्ची त्याच दुपारी शिक्षिकेच्या घरी पोहोचली. फोटो काढला नाही.

आता ते रोज बाहेर पडतात. उजवी बाजू तशीच आहे. डॉक्टरांनी त्याविषयी बोलणे थांबवले आहे. क्लबच्या मागच्या खोलीत ते पुन्हा बसतात आणि आता दुसऱ्यांना खाटांवर झोपायला लावून तपासणी करतात. महिन्यातून एकदा मी अकोल्याला जातो आणि चौकापर्यंत त्यांना नेऊन आणतो. माझे ढकलणे सुधारले आहे, असे त्यांनी अद्याप म्हटलेले नाही. मागच्या वेळी चढावर मी थोडा थांबलो होतो, गुडघ्यामुळे. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. इकडचे-तिकडचे काही नाही. माझ्या घराच्या न्हाणीघराचे दार किती रुंद आहे, एवढेच त्यांनी विचारले. मी कारण विचारले नाही. घरातली पोलादी टेप सापडली नाही, म्हणून पत्नीच्या शिवणाच्या डब्यातली कापडी काढली, दार मोजले आणि त्यांना सांगितले.

"वॉकर जाते," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.