मयेकरकाकांच्या पालीची अंडी

पाल माझ्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलावरच दगावली. अंडी घालताना तिच्या अंगातलं कॅल्शियम संपलं होतं आणि तिला माझ्याकडे आणायला उशीर झाला होता. नाटे गावाहून तिला मयेकरकाका घेऊन आले होते.

"मुलीची आहे हो. ती नोकरीला मुंबईत गेली, म्हणून माझ्याकडे होती. तिला काय सांगू आता?"

"अंडी कुठे आहेत?"

"दोन्ही घरी, वाटीत. सकाळीच घातलीन. आता जाऊन मशिनीत ठेवतो."

काका कोंबड्या पाळतात. पिल्लं काढायचं मशीन त्यांच्या घरी आहे.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

ही लेपर्ड गेको, ठिपक्यांची पाळीव पाल. कोंबडीच्या अंड्याला सदतीस डिग्री लागतात, हिच्या अंड्याला तीसच्या आसपास पुरे. शिवाय मशीन अंडी फिरवत राहतं. पालीचं अंडं घातल्यानंतर एखाद्या दिवसाने फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. मी तिथूनच काकूंना फोन लावायला सांगितला आणि अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून घेतली. खूण कायम वर.

बाकी सोपं होतं. झाकणाचा डबा. त्यात नर्सरीतलं, काथ्याच्या भुशाचं कोकोपीट, ओलं करून घट्ट पिळलेलं. डबा कपाटाच्या खालच्या खणात. मार्चमध्ये आमच्याकडे घरातच एवढी ऊब असते.

तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉल आला.

"डॉक्टरबाई, एक चेपलंय."

मी अंड्यांना कडेने टॉर्च लावायला सांगितली. एकात लाल शिरा दिसल्या. चेपलेल्यात नुसता पिवळा उजेड.

"ते गेलं. काढून टाका, नाहीतर बुरशी दुसऱ्याला लागेल."

"बरं," काका म्हणाले.

मे महिन्यात ते डबा घेऊन दवाखान्यात आले. आत दोन पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची, करंगळीएवढी.

"दोन कशी?"

"टाकवलं नाय. नासलं अंडं वास मारतं, एवढं आम्हाला कळतं. ह्याला वासच नव्हता. मग वेगळ्या डब्यात ठेवलं, खूण वर करून. कडेने थोडं पाणी सोडलं. चार दिवसांत भरून आलं."

मग त्यांनी मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. पाल कशाने गेली ते मी तिला स्पष्ट सांगितलं आणि पिल्लांच्या खाण्यावर कॅल्शियम पावडर कशी टाकायची तेही.

आता फोनवर मी कुठलंच अंडं मेलं म्हणून सांगत नाही. आधी वास घ्यायला लावते.