बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मणिकर्णिका घाट आला तशी प्रभावतीकाकूंनी चाल वाढवली. चितांचा धूर धुक्यात मिसळून नाकातोंडात जात होता आणि काकू पदर तोंडाला लावून माझ्या पुढे चालल्या होत्या. प्रयागच्या माघ मेळ्याहून काशीत आलेल्या गर्दीमुळे रस्ते बंद होते, रिक्षा मिळेना. म्हणून दूधविनायक मोहल्ल्यातून पंचगंगा घाटावर उतरलो आणि नदीकाठानं निघालो. जायचं होतं पार अमृतराव घाटाजवळ, इरावतीबाईंच्या घरी. त्यांची सून ऋता बाळंतीण होती आणि तिचं डोकं दुखायचं थांबत नव्हतं, असं सकाळी फोनवर कळलं होतं.

"फोनवरच सांगायचं ना काकू, शेगडी बाहेर काढा म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं की. इरावतीवहिनी म्हणते, बरं बरं, तू ये तर चहाला. वर हसली." काकू थांबल्या नाहीत. "तिला कसं पटेल, सुनीती? तिला हे सगळं मीच शिकवलंय."

ते खरं होतं. काकू काशीतच जन्मल्या आणि काशीतच दिल्या. काका पौरोहित्य करतात. मराठी घरात कुणी बाळंत झालं की आई आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम काकूंचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण चालत आलं होतं. मी साताऱ्याकडची, यजमान इथे रेल्वेत. माझ्या दोन्ही मुली काकूंच्या पसरलेल्या पायांवर न्हाल्या. कधी रस्त्यात एखादा माणूस भेटला की काकू हळूच म्हणायच्या, "हा युनिव्हर्सिटीतला साहेब बघितलास? माझ्या पायांवर पालथा पडून भोकाड पसरायचा. अजून मी दिसले की शर्टाचं बटण लावतो."

न्हाणं झालं की बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओवा नि शेपा टाकून धुरी. आमच्याकडे शेक झाला की शेगडी उचलतात. इथली थंडी हाडात शिरते, म्हणून ती दिवसभर खोलीतच राहते, आणि वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत चिंध्या कोंबतात. काकूंची शिस्त अशी, की कोळसे अंगणात फुलवायचे, धूर पूर्ण गेला की मगच शेगडी आत न्यायची. याला त्या काळजी म्हणायच्या. आम्ही सगळ्याच म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी ईशानी बाळंतपणाला आली. बाळाला कावीळ झाली म्हणून ते हॉस्पिटलात दिव्याखाली ठेवलेलं, ही घरी पडून. जावई देवदत्त पुण्याला असतो. त्यानं एक पांढरी डबी आणून खोलीत लावली होती. विषारी वायू साठला की ही ओरडेल, ओरडली की लगेच बाहेर पडायचं, असं बजावून तो गेला. काकूंनी वायू म्हणजे धूर असं धरलं.

एका दुपारी डबी किंचाळायला लागली. "ओव्याचा धूर लागला मेलीला," असं म्हणत काकूंनी ती काढून अंगणात नेली. तिथे ती गप्प झाली. मायलेकी हसल्या. ईशानी म्हणाली, आई, डोकं जड झालंय, मळमळतंय. बाळंतपणात एवढं होतंच, म्हणून काकूंनी तिच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधला, दार लावलं आणि बिंदुमाधवाच्या दर्शनाला गेल्या. परत आल्या तेव्हा ईशानी उठली नाही.

काकांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा मीही तिथे होते. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नसलेला लाल निखाराही तो सोडतच असतो. डबी बरोबर ओरडली होती.

काकांनी बाहेर सांगितलं, थंडीनं गेली. बायकोला कुणी बोल लावू नये एवढाच त्यांचा हेतू. बाळ पुण्याला त्याच्या आजीकडे गेलं आणि तो शब्द इथे राहिला. यंदा थंडी पडली तशी घराघरात बाळंतिणींना जास्तच जपायला लागले. ईशानीसारखं व्हायला नको म्हणून कुणी खिडकीला रजई लावली, कुणी दुसरी शेगडी आणली. काकूंच्या कानावर ते येत होतं, आणि त्या गप्प होत्या. आज मात्र पिशवीत तीच डबी घेऊन, नवे सेल घालून निघाल्या होत्या.

इरावतीबाईंच्या दारात पोचलो. काकू चपला काढून सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या. आत शेकोटीजवळ बसल्यासारखी ऊब. खाटेखाली एक शेगडी, कोपऱ्यात दुसरी. ऋता डोळे मिटून पडलेली, डोक्याला रुमाल, कुशीत बाळ. काकूंनी डबी फळीवर ठेवली.

"प्रभा, आधी दार लोट, वारा येतो," इरावतीबाई म्हणाल्या आणि स्वतःच दार लावून घेतलं. "आणि ही कसली डिबिया?"

"वहिनी, शेगड्या बाहेर काढा."

"अगं, निखारे अंगणात फुलवूनच आणलेत. तुझीच रीत. बघ, धूर आहे का कुठे?"

तेवढ्यात डबी ओरडली. एवढ्याशा खोलीत तो आवाज कानात घुसत होता. ऋतानं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

"ओव्याचा धूर लागला असेल," इरावतीबाई म्हणाल्या आणि डबी उचलायला हात पुढे केला. "बाहेर नेते, म्हणजे गप्प होईल."

काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"तिला हात लावू नका. पोरीला बाहेर काढा. मी डबी बाहेर नेली होती वहिनी. ईशानी आत होती. थंडीनं नाही गेली ती."

इरावतीबाईंनी हात मागे घेतला. काकूंनी बाळ उचलून माझ्या हातात दिलं, दार उघडलं आणि ऋताच्या काखेत हात घातला. मग इरावतीबाईंनी दुसऱ्या बाजूनं तिला धरलं. दोघींनी मिळून तिला घरातल्या उघड्या चौकात आणलं. तिचे पाय लटपटत होते, चौकातच तिला उलटी झाली. मी मनात विश्वनाथाचं नाव घेत बाळाच्या नाकाशी बोट धरून बसले. श्वास लागत होता.

गल्लीतल्या लोकांनी खाट उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली, तिथून गाडी. हॉस्पिटलात दोघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून घरी ठेवलं असतं तर आणून उपयोग नव्हता. आईला बरं वाटेल, पण बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही.

इरावतीबाई भिंतीला टेकून रडत होत्या. काकू बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

"सुनीती, शुक्रवारी हळदीकुंकू आहे. सगळ्या बायका येतील. तिथे तू सांग."

"तुम्हीच सांगा ना काकू. तुमचं ऐकतील."

"माझ्या तोंडून आज एकदा निघालं, परत निघायचं नाही. तू सांग. थंडीनं गेली असं म्हणू नकोस. निखाऱ्याला धूर नसला तरी तो मारतो, म्हणून सांग. डोकं दुखलं, मळमळलं तर रुमाल बांधू नका, दार उघडा, म्हणून सांग. आणि डबी ओरडली तर आईनं डबीच बाहेर नेली, हे सांग. माझं नाव घेऊन सांग. नाव नाही घेतलंस तर त्यांना वाटेल, कुठल्या तरी दुसऱ्याच घरातली गोष्ट आहे."