सबॅस्टियनकाकांच्या फोनमधली खरखर

सबॅस्टियन तुस्कानोंना कुणी ‘टेक्निशियन’ म्हटलं की राग येतो. “टेक्निशियन बॉक्स बदलतो. मी वाइंडर आहे, मी आत काय झालंय ते बघतो.” जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायची, हे काम ते दोह्यात एकवीस वर्षं करतायत. वसईतलं गास हे त्यांचं गाव. अल हिलालच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो: काका, लखनौचा ड्रायव्हर अश्फाक आणि मी. मी पाचोऱ्याच्या शाळेतून निघून इंजिनियर झालो, म्हणजे काकांच्या मते कागद बदलणारा.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत काका रोज पाकीटभर सिगारेटी ओढत. मग सुट्टीत घरी बॅग उघडताना त्यांची बायको, रुथकाकू म्हणाली, “कपड्यांच्या आधी तुझा वासच बाहेर येतो.” काकांनी सिगारेट सोडली आणि व्हेप, म्हणजे वाफेची सिगारेट, धरला. इथल्या दुकानांत ती वस्तू मिळत नाही, म्हणून वर्कशॉपच्या लेथवर स्वतःच घडवला: पितळेची नळी, आत एक बॅटरी, खाली बटन, वर दोन स्क्रू. ना दिवा, ना आकडे. आत घालायचं निकोटीनचं पाणी कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही. चांगल्या शेजाऱ्यानं सगळंच विचारू नये.

दर शुक्रवारी मिसाहून आले की काका व्हेपची कॉइल, म्हणजे पाण्याची वाफ करणारी तार, बनवायला बसत. तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर बारीक तारेचे आठ वेढे घालायचे, बिट काढून घ्यायचा, टोकं स्क्रूखाली दाबायची, मीटर लावून बघायचं. मग बटन दाबायचं. कॉइल मधून लाल व्हायला लागली आणि लाली दोन्ही टोकांकडे सारखी गेली, तर काम झालं. एखादा वेढा आधीच पेटला, तर चिमट्यानं हलकेच दाबून सारखा करायचा. शेवटी आत कापूस ओवायचा. हे सगळं ते एवढ्या मायेनं करत, की अश्फाक म्हणायचा, “चचा, इतने प्यार से तो कोई बच्चे को नहीं नहलाता.”

“कमी पार्ट, कमी कटकट,” काका मला सांगत. “तुझं घड्याळ तुला झोप किती झाली ते सांगतं. तुला उठल्यावर कळत नाय?”

त्यांचा फोनही त्याच जातीचा, बटनांचा. तीनदा जिन्यावरून पडलेला. चार्जिंग आठवडाभर टिकायचं. कॉइलचं काम आटोपलं की त्याच्यावरून रुथकाकूला कॉल. दोघं सामवेदीत बोलत. वसईतल्या त्यांच्या लोकांची ती घरची बोली, मला त्यातलं चार आणे कळायचं, बाकी बारा आणे मी चेहऱ्यावरून भरून काढायचो. काका लाजत होते एवढं मात्र नक्की कळायचं.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास काका म्हणाले, “फोन खरखरतोय.”

“नवा घ्या.”

“का? स्पीकर गेला असेल.”

आणि त्यांनी फोन उघडला. ब्रशनं साफ केला. तरी खरखर. मग एका जुन्या फोनचा स्पीकर काढून ह्यात बसवला, कथलाचा डाग दिला, बंद केला. खरखर होतीच. मग ते नेटवर्कला शिव्या द्यायला लागले. मोटर बिघडली की हा माणूस स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, मागचं बेअरिंग गेलंय. कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही. तोच माणूस आठ महिने फोन दुरुस्त करत राहिला.

एकदा त्याच फोनवरून मी आईशी बोललो. पाचोऱ्यातली आई अगदी पुढ्यात बसल्यासारखी ऐकू आली, मागे कुकरची शिट्टीसुद्धा. मी फोन परत देताना म्हणालो, “काका, फोन फर्स्ट क्लास आहे. तुमची बायकोच खरखरते.”

काका खो-खो हसले. अश्फाकला भाषांतर करून सांगितलं, तोही हसला. हा विनोद मी केला, आणि तो खरा होता.

मार्चमध्ये मुलीचा, कॅरिनाचा, फोन आला. ती मुंबईत नर्स आहे. सुट्टीत घरी गेली, आईचा आवाज ऐकला आणि तिला तिथूनच डॉक्टरकडे घेऊन गेली. घशात गाठ. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

काकांनी फोन खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, “तिनं एकदा विचारलं होतं, माझा घसा बसल्यासारखा वाटतो का. मी म्हटलं, तू नाय, माझा फोन.”

ऑपरेशन सोमवारी होतं. साहेबांनी रजा मंजूर केली, पण गुरुवारपासून. एका मोठ्या पंपाची मोटर खोलून पडली होती. काकांनी दोनदा विनंती केली. “इन्शाल्ला गुरुवार,” साहेब म्हणाले. म्हणजे रुथकाकूचं बोलणं ऐकायला रविवारची एक संध्याकाळ उरली, तीही फोनवर.

ड्यूटीवरून येऊन, हातही न धुता, काका गॅलरीत उभे राहिले. मी माझा मोबाईल काढला. “काका, स्पीकरवर टाका. मी रेकॉर्ड करतो.”

त्यांनी माझा हात बाजूला केला. “आमचं बोलणं आहे ते.”

मी पुन्हा म्हणायला हवं होतं. गंमत करताना मी दहा वेळा म्हणतो.

“बोल,” ते तिला म्हणाले. तिनं विचारलं असावं, काय बोलू. “काहीपण. मासेवालीशी बोलतेस तसं बोल.” आणि त्यांनी डोळे मिटले. मोटरीपाशी मिटतात तसेच. अकरा मिनिटं त्यांनी फक्त ‘हं’ म्हटलं. मध्ये एकदा ते हसले. पुढे मी दोनदा विचारलं, पण कशाला हसले ते त्यांनी मला सांगितलं नाही.

गुरुवारी गेले, दीड महिन्यानं परतले. तिकडे त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या सिगारेटीमुळे झालं का हे? डॉक्टर म्हणाले, एका माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही. काकांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. मीटरचा काटा एकतर हलतो नाहीतर नाही हलत.

आता शुक्रवारी कॉइल बनते, लाल करून बघितली जाते आणि डबीत पडते. ओढत नाहीत.

कॅरिनानं दोघांना मोबाईल घेऊन दिलेत. रुथकाकू लिहिते. पहिला मेसेज आला तेव्हा काका चष्मा लावून माझ्याकडे आले, “हे कुणी पाठवलंय बघ.”

‘तुमची तब्येत कशी आहे? मी बरी आहे. वेळेवर जेवत जा.’

“काकूच आहे की.”

“सव्वीस वर्षांत तिनं मला ‘तुम्ही’ म्हटलं नाय.”

तेव्हा मला कळलं. सामवेदी ती जन्मभर बोलली, पण लिहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. लिहायचं म्हणजे शाळेतलं मराठी, एवढंच तिला ठाऊक. काकांनी कळवलं, आपल्यातलं लिही. तिनं दोन ओळी लिहिल्या. काकांना त्या लागेनात. अक्षरं जुळवता जुळवता घाम फुटला. तिकडे तीही कंटाळली. पुन्हा ‘तुम्ही’ सुरू झालं.

“मी मोठ्यानं वाचून दाखवू?” मी विचारलं.

“नको. तुझ्या खानदेशी तोंडात ती आणखी लांब जाते.”

काल शुक्रवार होता. काकांनी तासभर बसून, एका बोटानं, उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला तपासायला दिलं. ‘पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. इकडे उकाडा फार आहे. औषध चुकवू नये.’ आणि खाली, सातवीत शिकवलं होतं तसं, डावीकडे जागा सोडून: ‘आपला विश्वासू, सबॅस्टियन तुस्कानो.’

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“एकदम बरोबर,” मी म्हणालो.