वीस जागा आणि रामटेके सर

रामटेके सरांना शेवटचं पाहिलं ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात. भाताच्या रोवणीचे दिवस होते, बाहेर धो धो पाऊस, आणि सरांची कावीळ इतकी चढलेली की डोळ्यांकडे बघवत नव्हतं. त्यांनीच विचारलं, "गुरुजी, झिंबाब्वेचं काही आलं का रेडिओवर?" मी म्हटलं, अहो, आधी बरे तर व्हा. तर म्हणाले, "मी बरा होऊनच राहिलो. तुमी आयकत जा फक्त." त्याच आठवड्यात आमच्या गावी, लाखनीला, सर गेल्याचा निरोप आला. चांगली चालतीबोलती माणसं अशी कशी जातात, मला अजून उमगलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी गणिताचा, ते नागरिकशास्त्राचे. नागरिकशास्त्र म्हणजे पोरांचा हक्काचा डुलक्यांचा तास. पण सर कधी ग्रामपंचायतीतून निघून थेट आफ्रिकेत पोचतील याचा नेम नसे, म्हणून त्यांच्या तासाला कुणी झोपत नसे. तिकडे एखादा देश स्वतंत्र झाला की आम्ही झेंड्याचे रंग विचारायचो आणि ते म्हणायचे, "झेंडा कोणीबी शिवते जी, घटना काय लिहिली ते पाहा." कुठं लष्करानं घटना गुंडाळून ठेवली की सरांचा डबा अर्धा तसाच राहायचा. मी चिडवायचो, "घरचं कोणी आहे का हो तिकडं?" "हाये नं," म्हणायचे, "सारेच हायेत." सरांनी लग्न केलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं ते तानाआत्यानं. तिचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या बांध्यांत धान रोवण्यात गेला, आणि त्या मजुरीवर तिनं भाच्याला मास्तर केलं.

झिंबाब्वे स्वतंत्र झालं ऐंशी साली. वर्षानुवर्षं लढून थकलेले दोन्हीकडचे लोक आदल्या साली लंडनला एका टेबलाशी बसले, घटना ठरली, आणि सरांच्या अंगात वारं शिरलं. रविवारी विहारात वंदना झाली की सर वस्तीतल्या लोकांना चार गोष्टी सांगत. मी कुणब्याचा, तरी जाऊन बसायचो; आमच्या आळीत आधी कुजबुज झाली, मग लोकच कंटाळले. त्या रविवारी सर उभे राहिले आणि म्हणाले, "या नव्या देशाच्या घटनेत शंभरातल्या वीस जागा राखीव ठेवल्या हायेत." झालं... टाळ्यांचा कडकडाट. सर हात वर करून थांबवत होते, पण ऐकतो कोण. राखीव जागा म्हटलं की त्या वस्तीला कुणाच्या तरी पोराची नोकरी, कुणाच्या पोरीचं कॉलेज दिसायचं. टाळी आपसूकच वाजणार. शेवटी शांत झाले तेव्हा सर हळूच म्हणाले, "गोऱ्यायसाठी."

मग तानाआत्याच म्हणाली, "ज्यायनं इतके दिवस दाबलं त्यायलेच राखीव? हे काहून रे बाबू?" सरांनी समजावून सांगितलं. मूठभर गोरे, पण बंदुका त्यांच्या हाती. हे कबूल केलं नसतं तर लढाई थांबली नसती. आणि संसदेतल्या त्या जागा कायमच्या नाहीत. सात वर्षांनी त्या काढून टाकायची वाट त्याच घटनेत लिहिलेली आहे. "गोळी नाही लागत आत्या. मतानं निघतीन." आत्यानं पदर सावरला. "निघाल्या का मंग सांगजो," म्हणाली, आणि उठून गेली.

पुढं ही वस्तीची थट्टाच झाली. "सर, तुमचे पाहुणे अजून बसलेच हायेत का जी?" सर हसून घ्यायचे, पण त्यांना ते लागायचं. एकदा शाळा सुटल्यावर आम्ही हायवेच्या कडेनं सायकली हातात धरून चाललो होतो. मी म्हटलं, सर, हातातली सत्ता कागदाच्या भरवशावर कोणी सोडत नसते. ते थांबले. बाजूनं ट्रक चाललेले, त्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, ते कागदानं नाही गेले, तं मी या पोरायले काय शिकवू? आपल्या बी घरी घटनेचा कागदच हाये. दुसरं काय हाये?"

परवा पोळा झाला आणि रेडिओवर बातमी आली. झिंबाब्वेच्या संसदेनं मतदान करून गोऱ्यांच्या राखीव जागा काढून टाकल्या. मी सायकल काढली. काय सांगू... वळणापर्यंत गेलोसुद्धा सरांना सांगायला. मग पाय जमिनीला टेकले आणि तिथंच उभा राहिलो. सहा आठवडे हा माणूस थांबला असता तर देवाचं काय बिघडलं असतं, याचा मला त्या दिवशी फार राग आला. तरी गेलो. आत्या तर होती ना.

ती घरापुढच्या सपरीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. फळीवर सरांचा रेडिओ, धुतलेल्या टॉवेलानं झाकलेला. मी म्हटलं, "आत्या, गेल्या त्या जागा."

सूप थांबलं. "कोणी गोळी तं नाही ना चालवली?"

"नाही. मतानं गेल्या."

"तो हेच म्हणे," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग सूप पुन्हा हातात घेत तिनं विचारलं, "अन् जमीन? रोवणाऱ्यायले भेटली का ते?"

गोऱ्यांची जमीन दहा वर्षं जबरीनं घेता येणार नाही, असंही एक कलम होतं, एवढं मला सरांकडूनच ठाऊक होतं. पण मग पुढं काय, कोणाला मिळेल, नाहीच मिळाली तर काय... यावर सर दिवस मावळेपर्यंत बोलले असते आणि आत्याला सगळं उमजलं असतं. मी म्हटलं, "मले माहीत नाही, आत्या."

"मंग आता कोणाले इचारू?" ती म्हणाली.

मलाही तेच विचारायचं होतं.