रायकीच्या ओट्यावरच्या कुऱ्हाडी

मोबाइलवर दुरसिंगचं नाव दिसलं आणि फोन उचलायच्या आधीच मी काय ते समजले. दुरसिंग म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, रायकी पावराचा, धाकटा भाऊ. त्याचा नंबर माझ्याकडे नुसता पडून होता. बहीण-भावाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल काही सांगायला तो मला फोन करेल, असं होण्यासारखं एकच कारण होतं. जळगावच्या डाळमिलमध्ये मी हिशेबाचं काम बघते. बाहेर यंत्रांची घरघर चालू होती. मी कानावर हात धरून खिडकीपाशी गेले. तो म्हणाला, "अक्का, मनी बहीण गयी वं..." मला रडू आलं ते जरा उशिरानं. आधी मनात आलं ते हेच, की ‘मनी बहीण’, ‘माझी बहीण’, हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकायला रायकी हवी होती.

आठवडाभर आधीच मी तिला धुळ्याच्या दवाखान्यात भेटून आले होते. कावीळ तिनं अंगावर काढली होती. गवतकापणीच्या बैठका आहेत, मग बघू. पलीकडच्या पाड्यावर वाद झालाय, तो मिटला की बघू... असं करत करत ती दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं उरलं नव्हतं. तरी माझ्यावर डाफरण्याइतकी ताकद तिच्यात होती. चहात साखर नाही म्हणून तिनं सगळ्या वॉर्डाला वेठीला धरलं होतं. मी उशी सारखी करायला लागले, तर माझा हात धरून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. ओट्यावर कोण बसतंय, ते सांग." मी म्हटलं, आधी बरी हो, ओटा कुठे पळून जात नाही. तिला ते उत्तर पटलं नाही.

हा ओटा काय प्रकार आहे, ते सांगितल्याशिवाय रायकी कळायची नाही. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आम्ही दोघी धुळ्याला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. मी धुळ्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, आणि ती सातपुड्यातल्या पाड्यावरची, पावरा आदिवासी. घरी ती पावरी बोले, माझ्याशी अहिराणी, आणि सरांशी इतकं शुद्ध मराठी, की आम्ही तिला ‘आकाशवाणी’ म्हणून चिडवायचो. ती शिकली, धुळ्यातच एका संस्थेत नोकरीला लागली, स्कूटर घेतली. स्कूटर ती इतकी भयंकर चालवायची, की मागे बसलेल्या माणसाला देव आठवावा. तेवढ्यात तिच्या पाड्याला सामूहिक वनहक्क मिळाला. पाड्यामागची अख्खी टेकडी गावाच्या ताब्यात आली, आता तिचं काय करायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं. रायकीनं नोकरी सोडली. मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, अगं, त्या टेकडीवर आहे काय? खरंच काही नव्हतं. दगड, उन्हानं तापलेला मुरूम, मधे मधे सागाची खुरटी खोडं आणि एका कोपऱ्यात कसंबसं तगलेलं अंजनाचं झाड. लोक तिला ‘टकली’ म्हणत. आता ती डोक्यापासून पायापर्यंत हिरवी झालीय, तरी नाव टकलीच आहे.

पहिल्या बैठकीला मी मुद्दाम गेले होते, गंमत बघायला. मला वाटलं होतं, ही नकाशा उलगडून भाषण ठोकेल. तिनं तसलं काही केलं नाही. महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली सगळा पाडा बसला होता. तिनं फक्त म्हाताऱ्यांना विचारलं, की पावसाळ्यात पूजा होईपर्यंत आपण हिरव्याला हात लावत नाही, ते का? मग दिवसभर लोक त्यावर बोलत राहिले. नव्या हिरव्याची पूजा झाल्याशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. कुणी म्हणालं देव कोपतो, कुणी म्हणालं कोवळ्याला जीव धरू द्यावा लागतो. संध्याकाळी ती म्हणाली, मग टकलीची पूजा अजून झालीच नाही असं धरू. ती मोठी होईल तेव्हा करू. लोक हसले, पण ऐकलं त्यांनी. तिथे मतदान वगैरे नसतं. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत बसून राहायचं. तो शेवटचा माणूस दुरसिंग होता, हे मला तेव्हा लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं.

नियम ठरला तो असा : टेकडीवर विळा न्यायचा, कुऱ्हाड नाही. गवत कापा, महू वेचा, पळसाची पानं आणा. वाळलेलं हातानं मोडेल तेवढं घ्या. ऐकायला सोपं वाटतं. पण पावरा पुरुष कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाही. ती खांद्यावर नसली की त्याला उघडंबोडकं वाटतं. घरी ठेवून या म्हटलं, तर कुणी ठेवून येईना. वाटेत काही लागलं तर, म्हणत. आणि खांद्यावर असली की टेकडीवर हात शिवशिवणारच. रायकीचं घर टेकडीच्या वाटेवरचं शेवटचं. ती म्हणाली, माझ्या ओट्यापर्यंत आणा, तिथे ठेवा, वर जा, उतरताना घेऊन जा. पहिली कुऱ्हाड ठेवली तिच्या वडिलांनी. बाबांनी स्वतःच्याच घराच्या ओट्यावर स्वतःची कुऱ्हाड कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि रिकाम्या खांद्यानं वर गेले. दुसरी ठेवली पाड्यातच वेगळं राहणाऱ्या दुरसिंगनं. त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तो फार मिरवायचा. मग हळूहळू सगळेच ठेवू लागले. सकाळी ओट्यावर कुऱ्हाडींची रांग लागायची आणि रायकी शेजारी बसून चहा पीत असायची, निम्मा कप साखरेचा. कुणाची कोणती, ते तिला दांड्यावरून कळायचं. मला तिचं हसू यायचं. एवढी शिकलेली बाई चपलांच्या स्टँडवर बसल्यासारखी कुऱ्हाडी सांभाळत बसलीय!

टेकडी भरत होती. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गवत कमरेला लागू लागलं, पायथ्याचा झिरा उन्हाळ्यातही ओला राहू लागला. आणि अशाच एका पावसाळ्यात बाबा गेले. मी पोचले तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि घरासमोर बहीण-भाऊ एकमेकांसमोर उभे होते. पाड्यावर चितेपुरतं सुकं लाकूड नव्हतं. दुरसिंगला ते अंजनाचं झाड हवं होतं. बाबांनीच राखलेलं झाड, बाबांसाठीच. त्यात गैर काय, असं मलाही वाटलं. रायकी म्हणाली, नाही. घराघरातून लाकूड मागू. दुरसिंग ओरडला, "मना बाप भीक मांगेल लाकडेसवर जाई का?" मागून आणलेल्या लाकडांवर बाप जाणार, हे त्याला सहन होईना. मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो. ती हलली नाही. लोकांनी घरातून काय काय आणलं... खाटेचे खूर, गाडीचं मोडकं चाक, चुलीमागे ठेवलेली सरपणाची मोळी. बाबा त्या लाकडांवर गेले. परत आल्यावर दुरसिंगनं ओट्यावरची आपली तार गुंडाळलेली कुऱ्हाड उचलली, ती परत तिथे ठेवली नाही. त्यानंतर लाकूडफाट्यासाठी तो टेकडीला वळसा घालून पार पलीकडे जायचा. बहिणीशी एक शब्द नाही.

मी तिच्याशी कडाकडा भांडले. एक झाड दिलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं? सख्ख्या भावाला तोडलंस, टेकडीसाठी? ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी मना बापले एक झाड देसू, तं उद्या दुसराना बापले कसं नही म्हनसू?" मग म्हणाली, मलाही वाटत होतं गं, बाबांना त्या झाडाचं लाकूड मिळावं. ती बरोबर होती का, मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी असते तर झाड दिलं असतं. आणि मग बहुधा आज टेकडी टकलीच राहिली असती.

पुढे आजूबाजूच्या पाड्यांनी तिला बोलावून नेलं. कुठे चराईबंदी, कुठे वणवा रोखायला जाळरेषा, कुठे महू वेचायला झाडाखाली जाळ न लावता झाडून घ्यायचं. प्रत्येक पाड्याची रीत वेगळी, आणि तिथे जे चालेल तेच ती करायची. तिच्या हाताखाली मुलामुलींची चांगली फळी उभी राहिली. सरकारी बैठकांना तिला धुळ्याला बोलवायचे, जळगावला तिचा सत्कारही झाला. त्या सत्कारानंतर मला ओढत सराफ बाजारात घेऊन गेली, एका गारेगार दुकानात आम्ही तासभर हार बघत बसलो. घ्यायचं काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाहेर उन्हात मरण्यापेक्षा बरं!" तिच्या अंगावर आईचे चांदीचे वाळे होते, तेवढेच तिचे दागिने. लग्न तिनं केलं नाही. वडिलांनंतर त्या शेवटच्या घरात ती एकटीच राहायची.

एकदा तिच्याकडे गेले असताना मी माझी पिशवी ओट्यावर ठेवली, दाराला लागून, जिथे कुडाचा कोपरा आहे तिथे. बाकी सगळीकडे कुऱ्हाडी टेकवलेल्या होत्या, तेवढीच जागा मोकळी होती. ती आतून चहा घेऊन आली, पिशवी बघितली आणि कप खाली ठेवून आधी ती उचलली. "तठे नको." मी विचारलं, का? म्हणाली, "ती दुरसिंगनी जागा शे." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. पाड्यातल्या पोरांनाही ती तिथे काही ठेवू देत नसे. ती जागा कुणासाठी आहे, हे मात्र तिनं पाड्यात कुणाला सांगितलं नव्हतं. दुरसिंगला तर नाहीच.

ती गेली तेही पावसाळ्यातच. मी जळगावहून निघाले, शिरपूरला उतरले, तिथून काळीपिवळी जीपनं पाड्यावर पोचले. पुन्हा तसंच कोसळतं पाणी आणि तसंच ओलं सरपण. पाड्यातले म्हातारे दुरसिंगशी आधी पावरीत बोलले, मग खालून आलेल्या माझ्यासारख्यांनाही कळावं म्हणून अहिराणीत म्हणाले, "टेकडी तिनीच राखेल शे. एक झाड तिले देवाले काय हरकत शे?" कुणाचीच हरकत नव्हती. शेवटी निर्णय भावाचा. सगळे त्याच्याकडे बघत होते, त्याच्या खांद्यावर ती तार गुंडाळलेली कुऱ्हाड होती. तो म्हणाला, "नही. तिना नियम शे. तिले बी तोच."

पुन्हा घराघरातून लाकूड आलं. दुरसिंगनं स्वतःच्या छपराचा एक वासा काढून आणला. पण मी खरं सांगते, त्याचा तो ‘नही’ मला खटकला. हा बहिणीचा मान होता, की बापाचा हिशेब चुकता करणं होतं? जे तिनं बाबांना दिलं, तेच तिला? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परतीच्या गाडीत मी हाच विचार करत राहिले आणि त्याच्यावर मनातल्या मनात चिडत राहिले. वाटलं, आता ओटा रिकामा पडणार. बंद घराच्या ओट्यावर, कुणी बघायला नसताना, कशाला कोण कुऱ्हाड ठेवेल?

मागच्या रविवारी राहवेना म्हणून पुन्हा गेले. तिच्या घराचं दार ओढून घेतलेलं, कडीला सुतळी बांधलेली. ओटा मात्र ताजा सारवलेला होता आणि कुडाला टेकवून कुऱ्हाडींची रांग होती. सगळे वर गवत कापायला गेले होते. मी एकेक दांडा बघत गेले. आणि मग दाराला लागून, त्या कोपऱ्यात, मला तांब्याची तार दिसली.

मी ओट्याच्या कडेला बसले. कुणीतरी बसायला हवं होतं. दुपार कलल्यावर माणसं उतरू लागली. प्रत्येकजण आपापली कुऱ्हाड घेऊन, मला रामराम करून जात होता. दुरसिंग शेवटी आला, डोक्यावर गवताचा भारा. मला बघून जरा ओशाळला. भारा खाली टाकला आणि मी काही न विचारताच कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आठेच तेवढी जागा रिकामी व्हती, अक्का."

मी त्याला सांगितलं, की ती रिकामी नव्हती. बाबा गेले तेव्हापासून ती तुझ्यासाठी राखलेली होती. माझी पिशवीसुद्धा तिनं तिथे ठेवू दिली नव्हती.

कुऱ्हाडीकडे हात नेलेला होता, तो त्यानं मागे घेतला आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसला. आम्ही टकलीकडे बघत बसलो. अंधार पडायला लागला तेव्हा तो उठला, गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि कुऱ्हाड तिथेच ठेवून घरी गेला.